दहाचा दगड

देवानं पाय सगळ्यांनाच दिले, पण त्या पायांचा आमच्या साडूंइतका बिनकामाचा उपयोग अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला वाटत नाही. माणूस पळतो तो कुत्रं मागं लागलं म्हणून, एस्टी सुटली म्हणून, फार तर सासुरवाडीत भांडण पेटलं म्हणून. साडू पळत ते नुसतं पळायचं म्हणून. लातूर जिल्हा नवा नवा झाला, नव्या कचेऱ्यांना कारकून हवे होते, त्या गडबडीत हे बांधकाम खात्यातले कारकून नांदेडहून बदली होऊन आले. आम्हां दोघांची सासुरवाडी लोह्याची. तेव्हा घर शोधलं ते नेमकं माझ्याच गल्लीत. गावाला जिल्हा मिळाला, मला साडू मिळाले.

त्यांचा नेम ठरलेला होता. गावातल्या गोलाईतून, म्हणजे बाजाराच्या गोल चौकातून निघायचं, रेणापूरच्या रस्त्यानं पळत सुटायचं आणि एका लिंबाखाली दहा किलोमीटरचा दगड होता त्याला हात लावायचा. किती मिनिटं आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहायचं. बस्स. पुढं काही नाही. बक्षीस नाही, कप नाही, साधा नारळसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "शर्यत कुणाशी म्हणायची ही?" तर म्हणाले, "कालच्या माझ्याशी." "मग हरतं कोण?" तर शांतपणे, "मीच." अशा माणसाशी काय बोलायचं! त्यांचा एकच पण होता: पन्नाशीच्या आत पन्नास. म्हणजे वयाची पन्नास वर्षं भरायच्या आत तो दगड पन्नास मिनिटांच्या आत गाठायचा. बावन्नवरून एक्कावन्नवर यायला या गृहस्थांना दोन वर्षं लागली होती. तेवढ्यात माणूस वकिलीची परीक्षा पास होतो.

पायाला ओझं होतं म्हणून हातात घड्याळ घालायचे नाहीत. ते ओझं माझ्या नशिबी. गोलाईतल्या चहावाल्याच्या घड्याळाशी माझं घड्याळ आदल्या संध्याकाळी जुळवायचं, तिथं सहा वाजले की हे सुटायचे, आणि मी आधीच सायकल हाणत जाऊन दगडापाशी बसलेला असायचो. पळत जायचं आणि परत यायचं माझ्या सायकलच्या कॅरिअरवर, ही यांची मर्दुमकी! हा रोग सगळीकडं पसरलेला होता. आमच्या शेजारचे तात्या वारले, तेव्हा स्मशानातून परतताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "एकोणतीस मिनिटं. खांदेकऱ्यांची चाल बिघडली, न्हाई तर पंचवीसात व्हायचं." तात्यांना घाई नव्हती, हे त्यांच्या डोक्यात येईना.

त्यात दुष्काळ पडला. नळाला चार दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. माझी मेहुणी, जिला आम्ही आक्का म्हणतो, दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "घाम गाळायला पानी हाय, अन् भांडी घासायला न्हाई!" हे तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचे आणि तिचीही मिनिटं सांगायचे.

त्या दिवसांत रस्त्याच्या कडेच्या एका वस्तीवर झाली ती गंमत मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुष्काळात पळणारा माणूस दिसला की त्याचा अर्थ एकच, टँकर आला! हे समोरून धूम पळताना दिसले, तशा दहा-पंधरा बायका घागरी घेऊन मागं लागल्या. "ओ दादा, कुठं आलाय टँकर?" एका शब्दानं सांगायचं की नाही बाबा, टँकर नाही. पण पळताना बोललं की सेकंद जातात! हे मुकाट पळतायत, मागं घागरींचा खणखणाट. दगडापाशी येऊन हे आडवे झाले, आणि टँकर नाही म्हटल्यावर त्या बायांनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. एक म्हातारी म्हणाली, "पानी न्हाई तर मग पळून काय राहिलास मुडद्या!" मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. आणि हे? धापा टाकत मला विचारतात, "पाव्हणं, किती झालं?" बावीस सेकंदांनी वेळ सुधारली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणतात, "त्या बायांना रोज येता येईल का, विचारता का?"

पन्नाशी आठ दिवसांवर आली आणि साडूंचा पाय मुरगळला. घोटा हा सुजलेला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण सातव्या संध्याकाळी हे लंगडत माझ्या दारात. माझं घड्याळ जुळवून ठेवा म्हणून सांगायला आलेले. "उद्या शेवटचा दिवस. परवा पन्नास भरतात." आवाज असा होता की माझ्या तोंडून नाही निघेना.

सकाळी मी सायकल हाणत गेलो तर दहाचा दगड लवकरच आला. ताज्या रंगाचा, रस्त्याखालच्या एका मोरीजवळ. तेवढंच पेडल वाचलं म्हणून मी खूश होऊन बसलो. घड्याळात सहा सत्तेचाळीस झाले आणि लांबवर हे दिसले. एक पाय ओढत, तोंड वासून, मान वाकडी. अठ्ठेचाळीस. माझं काय झालं कोण जाणे, मी उभा राहिलो. एकोणपन्नास. आणि मी, मी ओरडलो, "पळा! दादा, पळा!" टोपी काढून हवेत उडवली. त्यांनी दगडावर हात आपटला तेव्हा काटा पन्नासला टेकायला अठरा सेकंद होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुष्काळ असून.

ते दगडाला टेकून पडले होते, आणि मग मला तो लिंब दिसला. तीनशे पावलं पुढं. त्याच्याखाली जुना दगड उपटून आडवा टाकलेला. नवा जिल्हा झाला, म्हणून अंतरं गोलाईऐवजी तिच्या पलीकडच्या नव्या कचेरीपासून मोजली होती, आणि दुष्काळी कामावरच्या माणसांनी याच आठवड्यात सगळे दगड अलीकडं सरकवले होते. लिंबाकडं पाठ करून सायकल वळवली, त्यांना कॅरिअरवर घेतलं. संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, आणि आपण एका वेड्यावर केवढा उपकार केला, या समाधानात बरीच वर्षं काढली.

आता त्यांचे गुडघे गेलेत. परवा त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मी आपला नेहमीसारखा चिडवत होतो, तर एकदम म्हणाले, "पाव्हणं, ते दगड हलवायचा कागद माझ्याच हातचा होता."

माझा चहा हातातच राहिला. "ठाऊक होतं? मग पेढे कशाला वाटले?"

"पळताना मोरीपाशी तुम्ही दिसलात. म्हटलं, थांबायचं न्हाई, लिंबापर्यंत जायचं. पण तुम्ही टोपी उडवली. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदाच कुणी ओरडलं होतं हो. तुम्हांला ओलांडून पुढं जाववलं न्हाई."

एवढं बोलून ते गुडघे चोळत बसले. शेवटी मीच विचारलं, "उद्या सहाला येऊ का? कॅरिअरवर बसा. लिंबापर्यंत जाऊन येऊ."

"या," ते म्हणाले. "पण घड्याळ घरी ठेवा."