सुनंदाला दिलेला निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आता नवरा राहिला नाही, मुलगी पुण्याला असते, करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच — तरी जीभ उचलत नाही. बघते, तुम्हाला सांगता येतं का.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी बायका जमतात. भजन नाही, भिशी नाही. एकीने आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. मी जाते ती खरं तर माणसांचे आवाज कानावर पडावेत म्हणून. काकू किती शांतपणे ऐकतात, असं सगळ्या म्हणतात. ऐकणाऱ्याला कुठे काय सांगावं लागतं?

एकदा हिराबाई बोलल्या. त्या उरणकडच्या कोळी, मासे विकून मुलं वाढवली, आता मुलाकडे राहतात. मुलाच्या माराला कंटाळून सून माहेरी निघून गेली होती. "मना राग आला," त्या म्हणाल्या. "पोराचा नाय. तिचा. मी जलमभर मार खाल्ला, नि ही वर्षात सुटली? मंग माझा काय?" त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मला सुनंदा आठवली.

सुनंदा माझी धाकटी नणंद. पेणला दिलेली. आम्ही जुन्या पनवेलात राहत होतो तेव्हा एका संध्याकाळी ती नेसत्या साडीनिशी आली. ओठ फुटलेला. तिला पाहून हे ढसाढसा रडले. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "हिला परत पाठवायचं नाही. मी आहे तोवर ती इथेच राहील."

सकाळी हे कामावर गेले. मी सुनंदाला चहा दिला आणि म्हटलं, "दादांना तुझ्या तोंडावर बोलवत नाही गं. पण तू आपल्या घरी जावंस, असं म्हणाले."

तिने चहा संपवला. कप विसळून पालथा ठेवला आणि गेली. ह्यांना मी सांगितलं — तिच्या नवऱ्याचा फोन आला, ती आपणहून गेली, तुम्ही मध्ये पडू नका म्हणाली. ह्यांनी फोन केले, तिने घेतले नाहीत. भाऊबीजेला ती येईनाशी झाली. दोघेही एकमेकांवर रुसून बसले आणि मी दोघांच्या मध्ये — गप्प.

घर लहान होतं, मुलगी लहान होती, लोकांनी नावं ठेवली असती — ही कारणं मी इतकी घोकली की मलाच खरी वाटू लागली. हिराबाईंचं ऐकलं आणि ती सगळी गळून पडली. कारण ह्यांचा हात माझ्यावरही उठायचा. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून, उत्तर दिलं म्हणून. मी एकदा माहेरी गेले होते, तर आईनेच माझी पिशवी भरून मला परत धाडलं. आणि तोच माणूस बहिणीचा ओठ बघून रडला. माझ्यासाठी कोण रडलं होतं? मला अडचण सुनंदाची नव्हती — तिच्या सुटण्याची होती. मी राहिले, तर तिनेही राहावं. इतकंच होतं ते.

शेवटच्या आजारपणात हे रोज विचारायचे, सुनंदा आली का. मी तिला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती दोघं बोलली असती — नाही का?

तुम्हाला वाटेल, एवढं उमगल्यावर हिने नणंदेला खरं सांगितलं असेल. मलाही तसं वाटलं होतं. हिराबाई बोलल्या त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुनंदाचाच फोन आला. ती आता त्याच नवऱ्याचं सगळं करते, त्याला अर्धांगवायू झालाय. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वहिनी, एक विचारू? दादाने शेवटी कधी माझं नाव काढलं का गं?"

मला आता सगळं लख्ख माहीत होतं. मी कोण, मी काय केलं, का केलं.

मी म्हणाले, "त्यांना शेवटी काही कळतच नव्हतं, सुनंदा."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.