निर्मलाकाकूंची एकवीस कुलपं

"आज एकवीस लॉक उघडली गं त्यानं. हात भरून आले म्हणतो," असं म्हणत निर्मलाकाकू सकाळी सातला माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा काळजीनं एवढासा झाला होता. "एवढी कुलपं लावावी लागतात म्हणजे तिथे चोऱ्या किती होत असतील!" त्यांचा अभय इंग्लंडमधल्या एका कालव्यात, लांबट अरुंद बोटीवर राहत होता. लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आम्ही दोघींनी मिळून काळजी केली.

नौपाड्यात आमची दारं समोरासमोर. काकू टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी दुसऱ्यांचे पत्ते वाचण्यात गेली, त्यामुळे "पत्ता नाही त्याला पत नाही" हे त्यांचं ठाम मत. आणि नेमका त्यांच्याच मुलाला पत्ता नव्हता. घटस्फोटानंतर अभयनं घर विकून बोट घेतली. बोटीला कायमची जागा घेतलेली नसली, तर चौदा दिवसांच्या आत ती पुढे हलवावी लागते. "आपलं सुतक तेरा दिवसांत फिटतं, ह्याचं चौदा दिवसांनी पुन्हा सुरू," काकू कुरकुरायच्या. डोंबिवलीच्या नणंदेला मात्र त्यांनी "अभय शिपिंगमध्ये आहे" असं सांगून ठेवलं होतं.

शेवटी एकदा त्यांनी मनावर घेतलं. घोडबंदर रोडला एक फ्लॅट बघून ठेवला, त्याचं गुळगुळीत माहितीपत्रक बॅगेत टाकलं आणि मला म्हणाल्या, "त्याला जमिनीवर घेऊनच येते." जाताना दोन भक्कम पितळी कुलपंही घेतली. एकवीस होती तिथे आणखी दोन!

दीड महिन्यानं एकट्याच परतल्या. मला उत्सुकता आवरेना. बोटीत झोपता कुठे, पोळ्या कशावर, संडासाचं काय, मी विचारत सुटले. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी संडासाची टाकी कुठे नेऊन ओततात तेही. पण बोट टेकडी कशी चढते, ते काही माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा त्या मला ओढत मोरीत घेऊन गेल्या. भोकात फडकं कोंबलं, साबणाची डबी जमिनीवर ठेवली आणि नळ सोडला. डबी तरंगत तरंगत मोरीच्या कठड्याला लागली. "बघ, चढली की नाही? खालचं दार लावायचं, वरून पाणी घ्यायचं, चढलं की वरचं दार उघडायचं. घाई केलीस तर दार उघडतच नाही. पाणी दोन्हीकडे सारखं व्हावं लागतं."

काकूंचं चालणं म्हणजे भाजी आणायला निघाल्या तरी गाडी चुकत असल्यासारखं. बोट त्यांच्या मानानं फारच सावकाश. त्या काठानं झपाझप पुढे जायच्या आणि पुढच्या लॉकशी मुलाची वाट बघत उभ्या राहायच्या. कुलपं बघून तर अभय तिथेच खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "तीन वर्षांनी त्याचं हसू ऐकलं गं," काकू म्हणाल्या.

मग ती एकवीस लॉकची चढण आली. दिवस त्यातच गेला. "तो खाली खड्ड्यात बोटीवर, मी वर काठावर. पाणी चढेल तसा हळूहळू माझ्या बरोबरीला यायचा. दहा दहा मिनिटं नुसतं थांबायचं. कामाचं निमित्त नाही, उठून जायला जागा नाही. मग बोलेल नाही तर काय करेल?"

"काय बोलला?"

"म्हणाला, आई, त्या घरात सकाळी उठायला मला कारणच नव्हतं. दिवसचे दिवस पडून असायचो. इथे नाही उठलो तर शेगडी विझते, टाकी रिकामी होते, चौदावा दिवस उजाडतो. उठावंच लागतं."

"आणि फ्लॅटचं?"

"त्या माहितीपत्रकानं शेगडी पेटवली. कागद बरा होता हो, चटकन पेटला."

पुढच्या गणपतीत नणंदेनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय, अजून शिपिंगमध्येच का?" काकू शांतपणे म्हणाल्या, "नाही हो वन्सं, बोटीत राहतो. त्याचं घर आहे ते." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. अभय आला. एका दुपारी त्याला चहा द्यायला गेले आणि म्हटलं, "काकू नेहमी सांगायच्या, एकवीस लॉक तू बोलत होतास."

तो चकित झाला. "मी? मी चार-पाच लॉक बोललो असेन. पुढे आईच बोलत होती. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा. ती चार महिने अंथरुणातून उठली नव्हती म्हणे. मला मामीनं सांभाळलं. टपालातली नोकरी मिळाली तेव्हा कुठे उठायला लागली. हे मला कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं. शेवटच्या लॉकला म्हणाली, मी उठले, तसाच तूही उठलास. आता मी निर्धास्त घरी जाते."

चहा तसाच निवला. वीस वर्षं मी त्या बाईसमोर राहिले. बोटीतल्या संडासापर्यंतचे प्रश्न त्यांना विचारले. पण एवढ्या तरुण वयात एकट्या पडलात तेव्हा कसे काढलेत ते दिवस, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.