फोटोतला मीच

तळोज्याच्या केमिकल कंपनीत लागलो तेव्हा माझे केस दाट होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत कपाळ मागे सरकत गेलं. सकाळी उशीवर केस, आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर केस. मी आधी कंपनीतल्या हेल्मेटला दोष दिला, मग कोपरखैरण्याच्या पाण्याला. आईने जास्वंदीचं तेल काढलं, कांद्याचा रस चोळला. रस लावलेल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती मी.

मग एका कानावरचे केस वाढवून ते टाळूवरून दुसऱ्या बाजूला ओढून बसवायला लागलो. खाडीकडून वारा आला की हात आपोआप डोक्यावर जायचा. मित्र क्रिकेटला बोलवायचे, मी काहीतरी कारण सांगायचो.

त्यातच स्थळं सुरू झाली. आईने मला न विचारता माझा कॉलेजातला फोटो सगळीकडे पाठवला. एकदा कराडकडची मंडळी आमचं घर बघायला आली. दार मीच उघडलं. मुलीच्या मामांनी मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "धाकटे बंधू घरात आहेत ना? फोटोतले?"

मला भाऊच नव्हता. "फोटोतला मीच," मी म्हणालो.

चहा घेऊन मंडळी उठली. त्यांच्याकडून पुढे काही कळलं नाही.

"खोटा फोटो कशाला पाठवलास?" मी आईवर ओरडलो.

"खोटा कसा? तूच हाईस की त्यात," आई म्हणाली. तिला ते खरंच पटलेलं होतं. मी मनाशी ठरवलं, यापुढे आपल्या दारात येणारा माणूस आपल्याला बघूनच येईल.

रविवारी सकाळी मी सांगून टाकलं, "मी डोक्यावरचे केस पूर्ण काढून येतोय."

आई दारात आडवी आली. "बाप जिता हाय तुजा! लोकं काय म्हनतील?"

वडील वाशीच्या मार्केटात कामाला होते. आठवड्यातला तेवढाच दिवस त्यांना मिळायचा. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. "मी जिता हाय ते दिसतंय की समद्यांना. चल, मी बी येतो."

न्हाव्याने तीनदा विचारून खात्री करून घेतली. वडील बाकड्यावर अगदी दर्शनी जागी बसले. सोसायटीतलं ओळखीचं कुणी रस्त्याने जाताना दिसलं की ते मोठ्याने "राम राम" घालायचे. आरशात मला ते दिसत होते. केस खाली पडत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

तिथून तसाच फोटो स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर हळूच म्हणाला, "प्रिंटवर ब्रशने थोडे केस भरून देतो ना. टेन्शन नको, कळत नाही कुणाला."

"नको. दिसतोय तसाच काढ."

तो फोटो बऱ्याच घरांतून परत आला. एका घराला माझं वय आम्ही लपवतोय असं वाटलं. दरवेळी वाईट वाटायचंच, आईचा चेहरा बघून जास्त. "जुना पाठवू का रं?" ती विचारायची. मी नाही म्हणायचो. संध्याकाळी मैदानावर जायला लागलो होतो. कॅच घेताना आता दोन्ही हात मोकळे असायचे.

मग वाईजवळच्या एका घरातून बोलावणं आलं. मुलीला आणि मला बोलायला गच्चीवर पाठवलं. मी तयारीत होतो, डोक्याचं विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो. तिने विचारलं, "मला नोकरी करायचीय. तिकडे मिळेल का?"

मी वाशी-बेलापूरच्या ऑफिसांबद्दल, बसच्या वेळांबद्दल सांगत राहिलो. ती मधूनमधून नेमके प्रश्न विचारत होती. खालून हाक आली तरी आमचं बोलणं चालूच होतं.

डोक्याचा विषय तिने काढला तो लग्नानंतर. मी गॅलरीत आरसा टांगून दाढीबरोबर डोकंही करत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, नीट बघून म्हणाली, "कानामागे राहिलंय. आणा तो रेझर इकडे."