एकोणतीस सालची बहीण

पारोळ्याला आमच्या घराण्याचा मेळावा ठरला, तेव्हा वंशावळ टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. जन्मसालाचे शेवटचे दोनच आकडे मी टाकत गेले. शतक कॉम्प्युटरने आपलं आपण भरलं, वयाप्रमाणे ओळी लावल्या, आणि तसाच फ्लेक्स छापून आला.

हॉलमध्ये वडिलांच्या आत्याने मला हाक मारली. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. पंच्याण्णवी गाठलेली, नजर अधू.

"मन्ही मोठी बहीन वाच," म्हणाल्या.

अक्कांच्या वरच्या ओळीत ती नव्हती. शोधत अगदी तळाशी गेले. चुलतभावाच्या तान्ह्या मुलीच्याही खाली तिचं नाव होतं. मी वाचून गेले, "जन्म दोन हजार एकोणतीस."

"म्हंजे ती येवानी शे?"

ती अजून यायची आहे का, असं त्या विचारत होत्या. मी समजावलं. अक्कांचे नुसते तीस लिहिले की आमचा कॉम्प्युटर एकोणीसशे तीस धरतो. एकोणतीस लिहिले की दोन हजार एकोणतीस. दोघी बहिणींच्या मधूनच शतक बदललं होतं.

थोड्या दिवसांनी सोनगीरहून त्यांच्या सुनेचा फोन आला. "दुपारी दार लावू देत नाहीत. गल्लीतून एखादी पोरगी गेली, की विचारतात, कोन शे ती?"

मी जळगावहून एसटीने गेले. अक्कांनी मला जवळ बसवून सांगितलं. बहिणीला देवी आल्या, तेव्हा यांना मामाकडे धाडलं होतं. परत आल्या तर तिचं अंथरूण नव्हतं. विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "यी," येईल. पुढे विचारणंच थांबलं.

"तुन्हा कॉम्प्युटर बी तेच सांगस," अक्का म्हणाल्या.

ती कधी गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मृत्यूचा रकाना मी कोरा सोडला होता. फ्लेक्सवर ती नुसती यायची होती.

"अक्का," मी म्हटलं, "ती गेली हो. तुम्ही मामाकडे होतात तेव्हाच गेली."

त्यांनी माझा हात धरला.

"माले माहीत शे. पन कोनी सांगं नही."

मग सुनेला म्हणाल्या, "आंग धोवाले पानी ठेव."

मयताची खबर आल्यावर करतात तशी त्यांनी भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली. त्यांचं आटोपल्यावर सूनबाई मोरीत गेल्या. त्यांच्यानंतर मी.