माझ्या चालीची सायकल

फोन आला तेव्हा मी माजिवड्याला धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे, मटार सोलत बसले होते. आमच्या शेजारच्या वैशालीचा फोन. "काकू, काकांना जरा बरं नाहीये, तुम्ही निघता का?" एवढंच म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला सगळं कळलं. माजिवड्याहून डोंबिवलीपर्यंत रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. नंदा नंतर म्हणाली, "ताई, तू गप्प बसलीस ना, तेव्हाच माझे हातपाय गार पडले." कारण गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, हिच्या तोंडाचा पट्टा कोण आवरणार? आणि हे, म्हणजे माझे यजमान अरविंद, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "कशाला आवरायचा? घरात कोणीतरी बोलायला हवंच की." त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत मोठं वाक्य असावं.

ह्यांची नोकरी मानपाड्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात. आमचं घर डोंबिवलीला लागून कोपरला, तिथून रोज सायकलने जायचे. पुढे स्कूटर आली तरी सायकल काही सुटली नाही. निवृत्त झाले आणि चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गेलो, तर काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू विझत चाललं होतं. पाइपातून बघितल्यासारखं दिसतं, म्हणायचे. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली आणि सायकल मी बंद केली. एका दुपारी चहाचा कप हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. मग म्हणाले, "एकदा खाडीपर्यंत स्वतः चालवत जायचंय गं... नजर आहे तोवर." मी साफ नाही म्हटलं. बाजूने रिक्षा आली तर कळायचं कसं? त्यावर कप खाली ठेवत अगदी सहज म्हणाले, "तू पुढे चाललीस तर?" मला वाटलं, थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी खालची जुनी सायकल वर आमच्या हॉलमध्ये आली आणि करवतीची करकर सुरू झाली.

मोबाइलवर त्यांनी एक फोटो शोधून काढला होता. परदेशातल्या कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरची क्रूझर सायकल. लांबलचक, बुटकी, जाड टायरांची, शिंगांसारखं वळलेलं हँडल. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात, हे त्यातलं त्यांच्या उपयोगाचं. कापणं, मोजणं, जुळवणं सगळं घरात. फक्त वेल्डिंगला मानपाड्याला जायचं, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये. सोफ्यामागे हँडल, शोकेसमध्ये चेन, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात सुद्धा मला एकदा ग्रीसची डबी सापडली. आमची मुग्धा माहेरपणाला आली आणि दारातच थबकली. "आई, बाबांना आवर ना. हॉलचं गॅरेज झालंय." मी म्हटलं, तूच आवर, तुझे बाबा आहेत. ती संध्याकाळी बघितलं तर बापाशेजारी फतकल मारून स्पोक पुसत बसलेली.

चाक सरळ करायचे तेव्हाचं दृश्य मला फार आवडायचं. सायकल वर्तमानपत्रांवर उलटी ठेवलेली. हे चाक फिरवून सोडून द्यायचे आणि रिमच्या कडेशी बोट धरून डोळे मिटून घ्यायचे. चाक फिरतंय, उन्हाचे तुकडे भिंतीवरून छतावर, छतावरून माझ्या साडीवर... मध्येच कुठेतरी रिम बोटाला घासायची, की ते तिथला स्पोक किंचित आवळायचे. मी शेजारी भाजी निवडत, काय वाट्टेल ते बोलत असायची. सोसायटीची मीटिंग, नंदाची विहीण, कोथिंबिरीचा भाव. ते ऐकत होते की नाही, देव जाणे. आता वाटतं, सगळं ऐकत होते.

सायकल तयार झाली तेव्हा ती हुबेहूब फोटोसारखी होती आणि तिथेच घात झाला. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पहिली फेरी गच्चीवर. मी टाकीपासून कपड्यांच्या दोऱ्यांकडे चालू लागले, हे मागून. माझ्या चालीने यायला लागले की पुढचं चाक आपलं एका बाजूला पडायचं. फोटोच्या मोहात ह्यांनी पुढचं चाक धरणारा चिमटा फार पुढे कलता केला होता. वेगात असती तर ती झोकात गेली असती, पण आम्हाला वेग नकोच होता. फ्रेम पुन्हा कापली, मानपाड्याला नेऊन चिमटा उभट करून घेतला. मग पुढचं दातेरी चक्र काढून लहान बसवलं, मागे मोठं. सगळं जग सायकल पळावी म्हणून खटाटोप करतं, आमचे हे ती हळू व्हावी म्हणून करत होते. रोज संध्याकाळी मी पुढे, ते मागे. मग खाली बसून सीट जराशी पुढे, हँडल जरासं खाली. एकदा म्हणाले, "तुझी चाल मध्येच वाढते." कधी, विचारलं. "तुझ्या वन्संचा विषय निघाला की."

नियमही त्यांनीच घालून दिले. मी सतत बोलायचं, खड्डा, कुत्रं, गाडी सगळं सांगायचं, आणि अधूनमधून विचारायचं, "येताय ना?" त्यांनी घंटी वाजवायची. "आणि मागे वळून बघत थांबू नकोस," म्हणाले, "तू थांबलीस की माझा तोल जातो."

थंडीतल्या एका सकाळी पुढचं चाक काढून सायकल जिन्याने खाली उतरवली आणि निघालो. खाडीकडच्या रस्त्यावर धुकं होतं. खारफुटीचे शेंडे तेवढे वर, बाकी सगळं पांढरं. माझा जीव मुठीत. मी बोलत होते, काय बोलत होते आठवत नाही. समोरून टोपली घेतलेली गावातली एक म्हातारी आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, कोनाशी बोलतेस?" मी न थांबताच म्हटलं, "नवऱ्याशी." तिने धुक्यात वाकून बघितलं. मागून घंटी वाजली आणि म्हातारी हसत बाजूला झाली. पाण्यापाशी पोचलो तेव्हा ह्यांनी दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि नुसते बसून राहिले. मी विचारलं, "दिसलं का काही?" म्हणाले, "तू दिसत होतीस ना. सगळा वेळ मधोमध." मला रडू आलं. मग ती थंडी आम्ही जवळजवळ रोज गेलो.

मी माजिवड्याला गेले त्या दिवशी ते हॉलमध्ये सायकलशेजारीच खुर्चीत होते, मांडीवर चेन पुसायचं फडकं. झोपेतच गेल्यासारखे. मी घरी नसले की ते ती खाली नेत नसत.

त्यानंतर माझ्या तोंडाला कुलूपच लागलं. माणसं येत होती, मी मान हलवत होते. मुग्धा एकदा रडवेली होऊन म्हणाली, "आई, काहीतरी बोल गं. मला भीती वाटते." मग सायकलकडे बघून हळूच, "ही कोणाला देऊ या का?" मी मानेनेच नाही म्हटलं. ती माझ्या चालीने चालते, घेणारा तिचं करणार काय?

सायकल अजून हॉलमध्येच आहे. परवा सकाळी तिच्या हँडलवरून हात फिरवला, चपला घातल्या आणि एकटीच खाडीकडे निघाले. बरंच अंतर मुकाट चालले. मग एका वळणावर माझ्याच तोंडून निघालं, "डावीकडे खड्डा आहे हं." आणि पट्टा सुरू झाला. मुग्धा परत गेली, वैशाली डबा आणून देते, कोथिंबीर महागलीये, तुमचा चष्मा मी अजून टीव्हीवरून उचललेला नाही... टोपलीवाली म्हातारी समोरून आली. तिने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. ह्या वेळी काही विचारलं नाही. मी म्हटलं, "येताय ना?"

मागे वळले नाही. चालतच राहिले. मी थांबले की त्यांचा तोल जातो.