कूलरची लाइन

बडनेऱ्याच्या दीपमाला इंगळेला साइटवर सगळे मागून ‘थांबा मॅडम’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला थोडी ऐटच वाटायची. अकोल्यात एका ट्रस्टचं इस्पितळ उभं राहत होतं. तिथले पाइप, वायरी आणि एसीचे डक्ट एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत, हे पाहणं तिचं काम. करारात तिने भांडून अट घालून घेतली होती: प्रत्येक ठेकेदाराने आपल्या कामाचं मॉडेल कॉम्प्युटरवर द्यायचं, आपली माणसं खरोखर जे टाकणार तेच त्यात दाखवायचं, आणि सगळ्यांची मॉडेलं जुळल्याशिवाय स्लॅबचं काँक्रीट पडणार नाही. “मॉडेल तुमचं, चूक तुमची,” हे ती इतक्यांदा बोलली होती की मिस्त्री तिची नक्कल करत.

प्लंबिंगवाल्या जुबेरने मॉडेल पुण्यातल्या कुणाकडून तरी करून घेतलं. दिसायला देखणं, कुठे टक्कर नाही. दुसऱ्या दिवशी स्लॅब होता आणि ट्रस्टचे इंजिनिअर ललितराव मॉडेलं जुळल्याच्या तिच्या सहीसाठी हात धुऊन मागे लागले होते. दीपमालाने पेन उचललंही. पण मॉडेलातल्या खिडक्या तिला कोरड्या दिसल्या.

“जुबेरभाई, कूलरच्या पाण्याची लाइन कुठाय?”

“ते तर असतेच ना मॅडम! मे महिन्यात एसी बंद पडला तं पेशंट काय भाजाचे? सगळ्याच बिल्डिंगीत टाकतो आमी. त्यात काय दाखवाचं?”

अकोल्यात ही लाइन कुणी नकाशात काढत नाही आणि टाकायचीही सोडत नाही. पुणेकराला ते कुठून कळणार!

“कुठून नेता, दाखवा.”

जुबेरने स्क्रीनवर बोट फिरवलं. तिने तशीच लाइन ओढली. आयसीयूच्या वीज-पॅनेलच्या बरोबर वर टक्कर दाखवणारी लाल खूण उमटली. जुबेरचा चेहरा पडला.

“स्लॅब होऊ द्या, मंग पाहू,” तो पुटपुटला.

“मंग म्हणजे कवा? पॅनेलवर पाणी टपकल्यावर?”

तिने सही केली नाही. ललितरावांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, “उद्या स्लॅब पडला नाही, तर परवापासून येऊ नका.” दीपमाला घाबरली. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, धाकटीचं शिक्षण चालू, घर तिच्याच पगारावर. तरी पेन तिने पर्समध्ये टाकलं ते टाकलंच.

सकाळी काँक्रीटच्या गाड्या परत गेल्या आणि ललितराव सगळ्यांसमोर कडाडले, “कोणी थांबवला स्लॅब?”

दीपमाला पुढे होणार, तोच जुबेर मधे आला.

“मी थांबवला साहेब. माह्या मॉडेलात लाइनच नोती.”

“तुम्ही?”

“करारात लिहून हाय. माहं मॉडेल, माही चूक. मॅडमले कायले बोलून राहिले?”

ललितराव म्हणाले, “लवकर दुरुस्त करा दोघं,” आणि निघून गेले.

दीपमालाला रडूच आलं, आणि तिने ते लपवलंही नाही. डोळे पुसत तिने लॅपटॉप उघडला. जुबेरने न सांगता खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसून स्क्रीनवर बोट टेकवलं.