ओव्हरसियरचा रस्ता

"लोक पायांनी विचार करतात," असं म्हणून आमचे ओव्हरसियरसाहेब समोर आलेला अर्ज पालथा घालत आणि त्याच्यावर फूटपट्टी आडवी ठेवत. "विचार डोक्यानं करायचा असतो. म्हणून तर सरकारनं आपल्याला नेमलंय."

आपल्याला म्हणजे त्यांना. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर होतो. ते पेन्सिलीनं नकाशा काढत, मी तो ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं गिरवत असे. गिरवणाऱ्याला डोकं असतं, असा संशय त्यांना कधी आला नाही.

तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. त्या वर्षांत पंचायत समित्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि गावोगावचे लोक रस्ता, विहीर, शाळा मागायला तालुक्याच्या गावी, पौडाला येऊ लागले होते. आमचं बांधकामाचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. तिथं साहेब डोक्यावर सोला हॅट घालून बसत. छपराखाली, सावलीत. कुणी शेतकरी दारात उभा राहिला की हॅट आणखी पुढं ओढून घेत, म्हणजे समोरच्याला त्यांचे डोळे दिसू नयेत.

पाहणीला निघाले की जीप जाईल तिथपर्यंतच पाहणी. पुढचं सगळं नकाशावरून. कोळवणच्या बाजूला एकदा ओढ्याकाठी एका म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं, "सायेब, हा वगळ पावसाळ्यात हिकडनं व्हातो." साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "नकाशात तसं नाही." म्हाताऱ्यानंही वाकून नकाशा पाहिला. मग म्हणाला, "पान्याला सांगून बगा मग." आणि बैल हाकत निघून गेला. पुढच्या आषाढात साहेबांनी रस्त्याखाली बांधलेली मोरी कोरडी उभी होती आणि पाणी तिच्यापासून तीस हात लांबून चाललं होतं. साहेबांनी शेरा लिहिला : प्रवाह चुकीचा.

मी हे घरी नक्कल करून सांगत असे. बायको हसून हसून बेजार व्हायची. साहेबांचा डबा हॉटेलातून येई आणि ते भिंतीकडे तोंड करून जेवत. त्याचीही मी नक्कल करत असे. ते तसे का जेवतात, हे मी कधी विचारलं नाही.

माले गावाच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून दीडएक मैल वर डोंगरात एक वाडी होती. तिथले लोक तिला वरची वाडीच म्हणत. वीसेक घरं. खाली रस्त्यावर यष्टी थांबे, आणि पौडाच्या दवाखान्याची जीपही तिथवर येई. पण वाडी ते रस्ता यांच्यामध्ये फक्त पायवाट. माणूस आजारी पडला की त्याला झोळीत घालून खाली आणायचं. झोळी म्हणजे लांब वेळूला बांधलेली घोंगडी. पुढं एक खांदा, मागं एक, आणि बदलीला आणखी दोघं.

त्या वाडीतल्या सोनाबाईची सून आदल्या पावसाळ्यात अशीच झोळीत गेली. पहिलटकरीण होती. ओढ्याला पाणी चढलेलं, झोळी काठावर अडकली. पलीकडे रस्ता दिसत होता. पाणी उतरेपर्यंत बाई आणि पोटातलं मूल दोन्ही संपली होती.

त्यानंतर वाडीनं अर्ज केला. गाडीवाट पाहिजे, बैलगाडी आणि दवाखान्याची जीप दारापर्यंत यावी अशी. सगळ्यांचे अंगठे आणि खाली शाळेच्या गुरुजींची सही. साहेबांनी अर्ज पालथा घातला, फूटपट्टी ठेवली, आणि दोन दिवसांत ऑफिसात बसून रस्ता काढला. सरळ ओढ्यातून. ओढ्यात एक बुटकी फरशी, वरून पाणी जाईल अशी. जमीन सगळी सरकारी, कुणाची घ्यायला नको. "सर्वांत कमी लांबी," ते म्हणाले. मी तो नकाशा शाईनं गिरवला. त्यांनी कोपऱ्यात सही केली. ऐटदार सही होती, तेवढं खरं.

वाडीला तो रस्ता नको होता. त्यांना डोंगराच्या धारेवरची जुनी वाट पाहिजे होती. ती लांब होती, पण तिला पाणी आडवं येत नव्हतं. मात्र खालच्या गावचे पुढारी, सगळे ज्यांना अण्णा म्हणत, त्यांच्या मेहुण्यानं त्या वाटेवर आंब्याची बाग केली होती आणि वाटेला काट्याचं कुंपण घातलं होतं. म्हणून तर सोनाबाईची सून ओढ्याकडून नेली होती.

श्रावण संपता संपता वाडीच्या शाळेच्या ओट्यावर बैठक ठरली. साहेबांना यावंच लागलं, कारण अण्णा येणार होते. जीप खालीच राहिली. दीड मैल चढून साहेब घामाघूम झाले, पण हॅट काढली नाही. खडूनं शाळेच्या फळ्यावर त्यांनी ओढा काढला, फरशी काढली आणि समजावू लागले. वर्षातले थोडेच दिवस पाणी फरशीवरून जाईल. बाकी सगळं वर्ष रस्ता चालू.

"त्या थोड्या दिसांत आमी आजारी पडायचं न्हाई का मग?" एक जण म्हणाला.

"सरासरी बघायची असते," साहेब म्हणाले.

अण्णा मान डोलवत होते. "सायबांचं शिक्षान हाय, त्यांना कळतंय. तुमी उगा हट्ट करू नगा. धारेवर आता बाग हाय, झाडं काय चालत जात्यात व्हय बाजूला?"

बाया ओट्याखाली उभ्या होत्या. त्यांच्यातून सोनाबाई पुढं आली. पन्नाशीची, काटक बाई. तिनं फळ्याकडे पाहिलंच नाही.

"सायेब, तुमी कदी झोळीत निजलाय?"

"मला काय झालंय झोळीत निजायला?"

"कायबी झालं न्हाई म्हनूनच सांगतीया. आज धडधाकट हाय तवर निजून बगा. तुमच्या रस्त्यानं न्हेतो आमी तुमाला. मग मोटारीत बसून जावा."

लोक हसले. अण्णाही हसले, आणि तिथंच घोटाळा झाला. अण्णांनी हसायला नको होतं. साहेब सगळं सहन करत, पण अण्णांसारख्या पुढाऱ्याचं हसू नाही. त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, "आणा झोळी."

मला मनातून गुदगुल्या होत होत्या. रात्री बायकोला काय काय सांगायचं याची जुळवाजुळव मी तिथंच सुरू केली. साहेब घोंगडीत आडवे झाले. हॅट काढून पोटावर धरावी लागली, तेव्हा पहिल्यांदाच मला कळलं की त्यांना टक्कल होतं, आणि ते फार एकटं, गुळगुळीत, लहान मुलासारखं दिसत होतं. वेळू उचलला तसे ते घोंगडीत गाठोड्यासारखे गोळा झाले.

पाऊस उघडलेला होता, पण ओढ्याला मांडीभर पाणी होतं. धोंड्यांवर शेवाळ. पुढच्याचा पाय सरकला की झोळी खाली जाई आणि साहेबांची पाठ पाण्यात बुडे. ते एकदाही ओरडले नाहीत. मध्यावर खांदे बदलायला झोळी थांबली. आम्ही काठावरून बघत होतो; सोनाबाई मात्र लुगडं खोचून झोळीबरोबर पाण्यात चालत होती. पाण्याच्या आवाजातही तिचं बोलणं मला ऐकू आलं, कारण ती ओरडूनच बोलत होती.

"हितं न्हवं. त्या मागच्या काठाला. तितवर आनली हुती तिला."

झोळीतून साहेबांनी विचारलं, "किती वेळ होती?"

"सकाळधरनं दिवस मावळस्तवर."

"बोलत होती?"

"दुपारपातूर बोलत हुती. पानी मागत हुती. एवढं पानी पुढ्यात, आन् मी तिला म्हनत हुते, थोडं थांब, दवाखान्यात गेल्यावर पी."

पलीकडे नेल्यावर लोकांनी झोळी खाली ठेवली. झालं, जिरली, असं सगळ्यांना वाटलं. साहेब उठले नाहीत. भिजल्या घोंगडीत तसेच पडून म्हणाले, "आता परत न्या. आणि धारेच्या वाटेनं आणा."

"त्या वाटंनं चालत या की, सायेब. सपाट हाय."

"आजारी माणूस चालतो का?" साहेब म्हणाले.

तेव्हा कुणी हसलं नाही. त्यांना पुन्हा ओढा पार करून, वर चढवून, धारेवरून नेलं. झोळी न हिंदकळता चालली होती. अर्ध्या वाटेवर अण्णांच्या मेहुण्याचं कुंपण आडवं आलं आणि झोळी थांबली. साहेबांनी मान उचलून काट्यांकडे पाहिलं. मग उतरले, हॅट डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी सातला. मोजणीची साखळी आणि स्टाफची पट्टी घेऊन."

तीन दिवस त्यांनी मला त्या धारेवर फिरवलं. जीप त्यांनी खालीच थांबवली. बुटांनी त्यांच्या टाचा सोलल्या, तर वाडीतल्या कुणाच्या तरी वहाणा घालून ते चालले. मी तेव्हाही मनात नाकच मुरडत होतो. साहेबाला आता पाझर फुटलाय, आठवडाभर टिकेल, असं मी म्हणत होतो. चौथ्या दिवशी नवा नकाशा झाला. सोबत त्यांनी टिपण लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : पूर्वीची आखणी माझी होती व ती चूक होती. असं वाक्य मी सरकारी कागदावर त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

अण्णा ऑफिसात आले. खुर्ची ओढून बसले.

"सायेब, पयला नकाशा चांगला हुता की. तुमचाच हाय, परका न्हाई. सही बी तुमचीच."

"तो चुकलाय."

"झाडं तोडावी लागतील, बागेतली."

"सात," साहेब म्हणाले. "मी मोजलीत."

अण्णा हसत हसत उठले. तीन आठवड्यांत वरून साहेबांच्या बदलीचा कागद आला. लांबची बदली, विदर्भात कुठंतरी.

यष्टीवर पोचवायला मी एकटाच गेलो होतो, तेही ट्रंक उचलायला कुणी नव्हतं म्हणून. गाडी यायच्या आधी त्यांनी विचारलं, "नवा नकाशा जावक झाला ना?"

गिरवायला दिलेला नकाशा टिपणासकट माझ्या टेबलाच्या खणात होता. साहेब जाणार हे कळल्यावर मी तो पाठवायचा थांबलो होतो. का थांबलो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. माझी नोकरी हंगामी होती, घरात खाणारी तोंडं होती, अण्णांचा वशिला सगळीकडे होता. खरी गोष्ट एवढीच की मला भीती वाटली, आणि ज्या माणसाची मी रोज नक्कल करत होतो, त्याच्यासाठी ती भीती ओलांडावी असं मला वाटलं नाही.

"झाला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मला अजून आठवतं. "अक्षर चांगलं आहे तुझं," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.

नवे ओव्हरसियर आले तेव्हा अण्णा त्यांच्याबरोबरच आत आले. वाडीच्या रस्त्याचा नकाशा मागितला. मी कपाट उघडलं आणि पहिला नकाशा काढून दिला. ओढ्यातून जाणारा. खाली ऐटदार सही. नव्या साहेबांनी विचारलं, "दुसरा काही आहे का?" अण्णा माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणालो.

रस्ता झाला. फरशीला नारळ फोडला. पहिल्याच पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली, आणि पुढं दर पावसाळ्यात जात राहिली. वाडीतले लोक त्याला ओव्हरसियरचा रस्ता म्हणू लागले. बैठकीत शिवी हासडल्यासारखं म्हणत. मी ते ऐकत असे आणि पुढच्या कागदाकडे वळत असे.

साहेब पुन्हा दिसले नाहीत. काही वर्षांनी त्यांच्या कुठल्याशा भावाचं पत्र ऑफिसात आलं, पेन्शनीच्या कागदांसाठी, त्यावरून ते गेल्याचं कळलं. पत्रात बायकोमुलांचा उल्लेख नव्हता.

त्याच वर्षी शाळेच्या एका कामासाठी मला वरच्या वाडीला जावं लागलं. सोनाबाई थकली होती, पण तिनं मला ओळखलं. घोंगडी अंथरून म्हणाली, "बसा दादा, लई दिसांनी आलासा." मग बोलता बोलता रस्त्यावर आली. "झोळीत घालून फिरवला त्याला, काटावर माझ्या सुनंचं सांगितलं, मला वाटलं मानसाला कळलं. वरच्या वाटंनं न्या म्हनला आन् शेवटी पान्यातनंच रस्ता केला. असला कसला मानूस म्हनायचा?"

तेव्हा मी तिला सांगितलं. दुसरा नकाशा, टिपणातलं ते वाक्य, बदली. खणाचंही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ती साहेबांसाठी हळहळेल आणि माझं ओझं थोडं उतरेल.

सोनाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यो मानूस खरा हुता," ती म्हणाली. "आन् आमी इतकी वरसं त्याला शिव्या घातल्या." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आन् तू ऐकत बसलास."

सोनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शेजारच्या घराकडे गेली, त्यांना सांगायला. तिथून ती पुढच्या घरी गेली. मी घोंगडीवर बसून होतो आणि एकेका दारात तिचा आवाज ऐकू येत होता.